कानसेनांची बखर

आपल्याकडे गवयांची चरित्रे विपुल आहेत. कोण कोणाचा शागीर्द, कोणाच्या गळ्यात कोणाची तान उतरली, कोणत्या दरबारात कोणाला किती बिदागी मिळाली, याची टिपणे करणाऱ्यांनी शाई काही कमी खर्चिलेली नाही. परंतु गाणे ऐकणाऱ्यांचा इतिहास लिहावा, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तानसेनाला बखर आणि कानसेनाला नुसती सतरंजी, अशी ही वाटणी! वास्तविक एखादे घराणे गाणाऱ्या पाचपन्नास माणसांचे जितके असते, तितकेच ते ऐकणाऱ्या हजारोंचेही असते. हे ऐकणारे एकमेकांना हुडकून काढतात, जमतात, भांडतात, त्यांच्यात तट पडतात, आणि वर्षातून एकदा एका जागी बसून आपल्याच गतकाळाची उजळणी करतात. असा जमाव जन्माला कसा येतो, आणि ज्याच्यासाठी तो जमला तो माणूस गेल्यावरही तो पांगत कसा नाही, हा प्रश्न मला पुष्कळ दिवस छळतो आहे. मी इतिहाससंशोधक नव्हे. शिक्षण मॅट्रिकवर थांबलेला, दिवसा मुलांना मराठी शिकवणारा आणि रात्री कादंबऱ्या लिहिणारा एक मास्तर आहे. पण मिरजेत राहणाऱ्या माणसाला हा प्रश्न टाळता येत नाही.

शब्दापासूनच आरंभ करू. माझ्या वर्गातली मुले ज्याला 'फॅन' म्हणतात आणि वर्तमानपत्रे 'चाहता', त्याला आमच्या गावातली जुनी माणसे 'दर्दी' म्हणत आली. 'रसिक' हा शब्द नाटकांच्या जाहिरातींनी वापरून वापरून गुळगुळीत केला. 'दर्दी' मात्र अजून खरखरीत आहे. दर्दी म्हणजे ज्याला दुखते तो. तंबोरा किंचित उतरला की ज्याचा जीव कासावीस होतो, आणि गंधार जागेवर बसला की ज्याच्या तोंडून 'वाहवा'ऐवजी नुसता सुस्कारा निघतो, तो.

असे दुखणेकरी मिरजेत इतके कसे साठले? मौज अशी की, यातले दुखणे निव्वळ आलंकारिक नाही. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांचे डोळे लहानपणी दारूकामाच्या अपघातात गेले, आणि औषधोपचारासाठी म्हणून त्यांना मिरजेस आणले गेले. डोळे सुधारले नाहीत. पण मुलाचा गळा चांगला आहे हे ध्यानात आले, आणि तो इथे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या हाताखाली गाणे शिकू लागला. पुढे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, यांच्या कानाच्या दुखण्यासाठी शाहू महाराजांनी त्यांना मिरजेच्याच मिशन इस्पितळात धाडले. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली उभारलेले ते इस्पितळ तेव्हा साऱ्या दक्षिण महाराष्ट्राचा आधार होते. आणि ज्यांच्यामुळे हा लेख लिहायचा, ते किराण्याचे खाँसाहेब अब्दुल करीम खाँ, तेही प्लेगाने आजारी पडून मिरजेस आले, दर्ग्यात गायले आणि बरे झाले, अशी इथली आख्यायिका आहे. डोळा, कान आणि प्लेग! गावाच्या संगीताचा पाया वैद्यकाने घातला असे म्हटले तर चालण्यासारखे आहे.

त्यात रेल्वेची भर पडली. गेल्याच्या मागच्या शतकाच्या अखेरीस पुण्याहून बेळगावकडे जाणारी गाडी मिरजेवरून धावू लागली, १८९१ साली कोल्हापूरचा फाटा निघाला, आणि मिरज जंक्शन झाले. नाटक कंपन्यांचे पेटारे, रोग्यांच्या वळकट्या आणि गवयांचे तंबोरे एकाच फलाटावर उतरू लागले. गाडी चुकली की मुक्काम, आणि मुक्काम पडला की बैठक. हुबळी-धारवाडचा आणि पुण्या-मुंबईचा श्रोता एकाच सतरंजीवर बसला, याचे पुष्कळसे श्रेय वेळापत्रकाला द्यावे लागेल.

मात्र सतरंजीवर कोणी बसावे, हा प्रश्न आधीच्या काळात फार कडक होता. मिरजेचे अधिपती श्रीमंत गंगाधरराव बाळासाहेब पटवर्धन हे गाण्याचे आश्रयदाते. बाळकृष्णबुवा त्यांच्या पदरी. त्या वेळचे ऐकणे हे निमंत्रणाचे ऐकणे होते. एका समारंभाचे आमंत्रण शिष्याला आले आणि गुरूला आले नाही, हे विष्णु दिगंबरांच्या जिव्हारी लागले, आणि १८९६ साली त्यांनी मिरज सोडली, अशी हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवली आहे. गवई म्हणजे पदरचा माणूस, ही समजूत मोडण्यात त्यांचे पुढचे आयुष्य गेले. तिकीट लावून जाहीर गाणे, १९०१ मध्ये लाहोरात काढलेले गांधर्व महाविद्यालय, हे सारे ऐकणाऱ्याची जात बदलणारे उद्योग होते. ज्याच्या खिशात चार आणे असतील तो श्रोता! हा माणूस १९३१ च्या ऑगस्टात मिरजेतच येऊन निवर्तला.

दर्ग्याच्या अंगणाला तर हे चार आणेही लागत नसत. ख्वाजा शमसुद्दीन मिरासाहेबांचा उरूस गावाचा आहे. त्याचा साडेसहाशे वर्षांचा हिशेब इथले लोक सांगतात. उरुसातला पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो. मी ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ज्या अंगणात पहिला मान चांभाराचा, तिथे गाणे ऐकायला बसणाऱ्याला 'तू कोण?' असे विचारण्याची सोय उरत नाही. खाँसाहेबांनी बडोद्याचा दरबार पाहिला होता, म्हैसूरच्या दरबाराने त्यांना गौरवले होते. पण त्यांनी घर केले ते या अंगणाच्या सावलीला. उरुसात ते इथे गात. त्याला इथे 'हजेरी' म्हणतात. हजेरीला बिदागी नसते, आणि ऐकणाऱ्याला तिकीट नसते. पुढे जो जमाव तयार झाला त्याची घडण या दोन गोष्टींनी ठरवली असे माझे मत आहे.

१९०५ हे साल मिरजेच्या कानसेनांनी खरे म्हणजे सोन्याच्या अक्षरांत लिहून ठेवायला हवे. त्या वर्षी किर्लोस्कर मंडळीच्या 'शाकुंतला'त बालगंधर्व प्रथम रंगभूमीवर आले ते मिरजेत. त्याच वर्षी खाँसाहेबांची कन्या चंपाकली, म्हणजे आपल्या हिराबाई बडोदेकर, मिरजेत जन्मली. आणि साधारण त्याच सुमारास खाँसाहेबांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका निघाल्या. नाटक, पुढची पिढी आणि यंत्र, तिन्ही पाहुणे एकदमच दारात आले.

नाटकाचा प्रेक्षक आणि बैठकीचा श्रोता हे तेव्हा एकाच गावात राहणारे दोन सोयरे होते. एकमेकांकडे जेवत, पण एकमेकांना नावे ठेवत. बालगंधर्वांच्या भक्तांची तऱ्हाच निराळी. त्यांच्यासारखी साडी नेसणाऱ्या, त्यांच्यासारखा गजरा माळणाऱ्या घरंदाज स्त्रिया साऱ्या महाराष्ट्रात निघाल्या, आणि पुरुषांनी तर त्यांच्यापायी कर्जे काढली. भक्तांत तट पडले की काय होते, हे १९२१ साली मुंबईत दिसले. टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलैला बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी मिळून 'मानापमान'चा संयुक्त प्रयोग केला. शंभर रुपयांपर्यंत तिकीट गेले. दोन्ही बाजूंचे लोक आपला माणूस दुसऱ्याला कसा मागे टाकतो हे पाहायला आले होते आणि दोघांचेही होऊन परतले, असे जुन्या आठवणींतून वाचायला मिळते. त्यानंतर तीन महिन्यांतच केशवराव गेले. त्यामुळे तो प्रयोग पाहिलेला माणूस मरेपर्यंत तेवढ्या एका रात्रीवर प्रतिष्ठा मिळवीत राहिला. 'मी तिथे होतो' या तीन शब्दांसारखी मिळकत दर्दी जगात दुसरी नाही. आणि जो तिथे नव्हता, तोही वीस वर्षांनी हळूहळू तिथे जाऊन बसतो, हेही लक्षात ठेवलेले बरे.

बैठकीच्या श्रोत्यांचे तट याहून चिवट. कोल्हापूर आम्हांला किती जवळ! पण तिथे शाहू महाराजांच्या पदरी अल्लादियाखाँसाहेब, आणि इकडे अब्दुल करीम खाँसाहेब. तिकडचे म्हणत, मिरजेचे गाणे म्हणजे लयीचा हात सोडून स्वरात लोळणे. इकडचे म्हणत, कोल्हापूरचे गाणे म्हणजे अंकगणिताचा पेपर. दोन्ही आरोपांत थोडे थोडे तथ्य आहे, म्हणून तर ते टिकले. कोल्हापूरकरांना या बाबतीत एक गोष्ट आमच्याआधी साधली. १८८३ सालीच त्यांनी देवल क्लब काढला. त्याच्याही आधी १८७४ साली पुण्यात गायन समाज निघाला होता. नुसत्या ऐकण्यासाठी माणसांनी जागा घ्यावी आणि वर्गणी काढावी, ही कल्पना आपल्याकडे या मंडळींनी रुजवली. आज आपण ज्याला चाहत्यांचे मंडळ म्हणतो, ते हेच. मिरजेला क्लबची तितकी निकड भासली नाही. आमच्याकडे दर्ग्याचे अंगण होते.

आमच्या बाजूच्या श्रोत्यांचा एक विक्षेप मात्र नमूद केलाच पाहिजे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी गाणे ऐकता ऐकता ते मोजायला घेतले. बावीस श्रुती खरोखर कोठे लागतात हे ठरवण्यासाठी त्यांनी खाँसाहेबांचा गळा प्रमाण मानला, आणि १९१० साली त्यावर इंग्रजीत पुस्तक काढले. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश क्लेमंट्स हे गोरे गृहस्थ त्यात सामील झाले. श्रुतींची पेटी घडवण्यात आली. १९११ साली साताऱ्यात एक संगीत-मंडळीही निघाली. पुढे १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत त्या पेटीवर वाद माजला आणि ती मागे पडली. पेटीचे काय व्हायचे ते होवो. मला लोभ वाटतो तो या दृश्याचा : एक पेन्शनर, एक न्यायाधीश, आणि समोर एक गवई डोळे मिटून तोच गंधार पुन्हा पुन्हा लावतो आहे. ऐकणारा इतका हट्टाला पेटलेला क्वचितच आढळेल.

यंत्राने जो बदल केला तो याहून मूलगामी होता. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटे. तासभर राग उलगडणाऱ्या माणसाने सव्वातीन मिनिटांत काय गावे? जुन्या दर्दींनी नाके मुरडली. खाँसाहेबांनी मात्र १९३० नंतर ओडियनसाठी जे गायले, ते पाहिले म्हणजे वाटते की त्या मर्यादेला ते शरण गेले नाहीत. त्यांनी तिच्याशी सलोखा केला. झिंझोटीतली ठुमरी, बसंत, भैरवी, कर्नाटकी वळणाची सरगम, आणि 'मानापमान'मधली पदेसुद्धा! गाणे सुरू होताच स्वर असा लागतो की, हा माणूस मघापासून गातच होता आणि आपणच आत्ता दार उघडले. या तबकड्या हॉटेलांत वाजल्या, दुकानांत वाजल्या. गदगच्या एका शाळकरी मुलाने दुकानापुढे उभे राहून ती झिंझोटी ऐकली आणि असे गाणे शिकायचे म्हणून घर सोडले. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी. ही हकीकत ते स्वतःच सांगत असत. ज्यांनी खाँसाहेबांना डोळ्यांनी कधी पाहिले नाही, अशांचा एक नवा समुदाय असा उभा राहिला. बैठकीतल्या जुन्या श्रोत्यांनी त्यांना तबकडीचे श्रोते म्हणून हिणवले असेल. पण पुढची पन्नास वर्षे खाँसाहेबांचे गाणे जिवंत राहिले ते याच लोकांच्या कानांत.

२७ ऑक्टोबर १९३७. मद्रासकडचा दौरा आटोपून खाँसाहेब पाँडिचेरीस अरविंदांच्या आश्रमाकडे निघाले होते. वाटेत अस्वस्थ वाटू लागले म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या लहानशा स्टेशनवर ते उतरले. फलाटावर अंथरूण घातले गेले. त्यांनी नमाज पढली, तंबोरा लावून घेतला, दरबारीत ईश्वराचे नाव घेतले आणि प्राण सोडला. या प्रसंगाची कथा मिरजेत लहान मुलालाही येते. सांगणारा बदलला की तपशील बदलतो. कोणाच्या कथेत स्टेशनमास्तर रडतो, कोणाच्या कथेत थांबलेली गाडी सुटतच नाही. दरबारी मात्र कोणी बदलत नाही. कादंबरीकाराला अशा ठिकाणी मोह होतो, आणि गावाने तो आधीच पुरा केलेला असतो. त्यांचा देह मिरजेस आणला गेला आणि दर्ग्याच्या आवारात दफन झाला.

त्यानंतर जे घडले, त्यासाठी हा सारा प्रपंच. माणूस गेल्यावर जमाव पांगायला हवा होता. उलट शिष्यांनी आणि श्रोत्यांनी त्यांच्या हजेरीची जागा मोकळी राहू दिली नाही. उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरू लागली, आणि आजही तीन दिवस ती भरते. हिराबाई गायल्या, गंगूबाई हनगल गायल्या, भीमसेन गायले. नवा कोणी गवई आला की तो प्रथम कबरीपाशी जाऊन माथा टेकतो आणि मग तंबोरे जुळू लागतात. समोर बसलेल्यांत नमाज आटोपून आलेले असतात, अंबाबाईचे दर्शन घेऊन आलेले असतात, आणि दिवसभर उरुसात खेळणी विकून दमलेले फेरीवालेही असतात. माझ्याच एका विद्यार्थ्याचे वडील चुरमुऱ्यांची पाटी बाजूला सारून विलंबित संपेपर्यंत हलत नाहीत, हे मी पाहिले आहे. त्यांना रागाचे नाव विचारले, तर ते म्हणतात, "मास्तर, नाव कशाला पायजे? बरं वाटतंय न्हवं?"

या सभेचा वंश पुढे फार पसरला. खाँसाहेबांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, यांच्या गावी कुंदगोळला नाडगीरांच्या वाड्यात गाण्याची परंपरा चालली. ते १९५२ साली वारले आणि पुढच्याच वर्षी भीमसेनांनी पुण्यात त्यांच्या नावे महोत्सव सुरू केला. आज तो हजारोंचा झाला आहे. किराणा, म्हणजे आजचे कैराना, उत्तर प्रदेशात यमुनेच्या अंगाला आहे. पण या गाण्याची माणसे शोधायची तर मिरज-धारवाड-पुण्यातच शोधावी लागतात. फाळणीनंतर खाँसाहेबांच्या शिष्या रोशनआरा बेगम पाकिस्तानात गेल्या आणि लालामूसा नावाच्या गावी राहिल्या. तिथेही हाच गंधार लावून बसलेले कोणी असतीलच.

आता थोडे अप्रिय लिहायचे आहे. दर्दी लोकांचा जमाव आपला इतिहास साजरा करतो, तेव्हा तो काही पाने वाचतो आणि काही पाने एकमेकांना चिकटवून टाकतो. १९७२ साली, खाँसाहेबांच्या जन्मशताब्दीला, त्यांचे शिष्य बाळकृष्णबुवा कपिलेश्वरी यांनी त्यांचे जाडजूड चरित्र प्रसिद्ध केले. त्या श्रमाला तोड नाही. ते नसते तर आम्ही आज अंधारात चाचपडत असतो. त्यांच्यासारख्या निष्ठावंतांच्या आठवणींतूनच खाँसाहेबांनी टिपू नावाच्या कुत्र्याला सुरात आवाज लावायला शिकवल्याची मजेदार हकीकतही सर्वतोमुखी झाली. पण शिष्याचे डोळे ते शिष्याचेच. ताराबाई माने या बडोद्याच्या सरदारघराण्यातल्या मुलीने या गवयासाठी घरदार सोडले, त्यांची पाच मुले वाढवली, आणि पुढे मुलांसह ती त्यांच्यापासून वेगळी झाली. मुलांची नावे बदलली : अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई, सकीनाची सरस्वती. ज्या कुटुंबाने महाराष्ट्राला एवढे गाणे दिले त्याची मोडतोड कशी झाली, ताराबाईंना काय वाटले, याविषयी आमची सभा बोलत नाही. तिथे फलाटावरची दरबारी सांगतात. हिराबाई पुढे तिकीट लावून जाहीर जलसे करणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी एक झाल्या. ताराबाईंचा कणखरपणा त्यांच्या पाठीशी नसता तर हे झाले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या जेव्हा वडिलांच्या कबरीसमोर गायला बसल्या असतील, तेव्हा पुढे बसलेल्या वृद्ध श्रोत्यांना सारे ठाऊक होते. कोणी काही बोलले नाही. गाणे ऐकले. त्या न बोलण्यात संकोच किती आणि माया किती, हे मला अजून सोडवता आलेले नाही.

२००९ च्या सप्टेंबरात गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल उसळली. संचारबंदी लागली, शाळा बंद पडल्या, आग सांगली-कोल्हापूर-इचलकरंजीपर्यंत पोहोचली. त्या दिवसांत बाहेरगावचे लोक विचारीत : तुमचे ते एकत्र गाणे ऐकणे कोठे गेले? प्रश्नात खोच होती आणि ती मी नाकारीत नाही. सतरंजीवर शेजारी बसलेली दोन माणसे रस्त्यावर समोरासमोर उभी राहणारच नाहीत, अशी हमी कोणत्याही रागात नाही. पण नंतर पुन्हा उरूस भरला, पुन्हा सभा झाली, आणि माणसे येऊन बसली. त्यांच्या येण्याला किती धीर लागला असेल हे बाहेरच्यांना सांगून पटायचे नाही.

जमाव बदलतो आहे, हे खरे. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद केला. रोग्यांच्या गावात राहून त्या निर्णयाविरुद्ध बोलण्याची माझी छाती नाही. पण त्यामुळे रात्रभर जागणारा श्रोता नाहीसा झाला. मालकंसाला मध्यरात्र उरली नाही, आणि पहाटेची भैरवी रात्रीच आटपावी लागते. पहाटेपर्यंत बसण्यात माणसांची जी ओळख होत असे, मधल्या चहाला जे वाद पेटत, ते गेले. त्याआधी १९६३ साली सांगलीला आकाशवाणी आली तेव्हाही 'आता घरबसल्या गाणे, बैठकीला कोण येणार' असे म्हटले गेले होते. कॅसेट आली तेव्हाही तेच. आता मोबाईल आहे. खाँसाहेबांच्या ज्या तबकड्यांसाठी संग्राहक जुन्या बाजारात दिवस घालवीत, त्या आज माझा सातवीतला विद्यार्थी खिशातून काढून दाखवतो. हा चमत्कार कोणी केला? संग्राहकांनीच. १९९० साली मुंबईत भारतीय ध्वनिमुद्रिका-संग्राहकांची संस्था निघाली. त्यांनी तबकड्या धुतल्या, क्रमांक जुळवले, एकत्र बसून ऐकल्या. मायकेल किनीअर नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने तर २००३ साली खाँसाहेबांच्या एकेका ध्वनिमुद्रणाची नोंद करून ग्रंथ काढला. मिरजेच्या कबरीतल्या माणसासाठी ऑस्ट्रेलियात कोणी तबकड्यांचे क्रमांक लिहीत बसतो, हे ऐकून देवल आणि क्लेमंट्स यांचे आत्मे संतोषले असतील.

सर्वांत जुना श्रोता मात्र सतारमेकर गल्लीत आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणारी ही शिकलगार घराणी. लढाया संपल्या तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांच्या भाईबंदांनी पटवर्धनांच्या आश्रयाने वाद्यदुरुस्तीला हात घातला, आणि मग ते वाद्येच घडवू लागले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे यायचे, ते वाळवायचे, त्यावर तबली बसवायची, दांडी जोडायची. आणि सगळ्यांच्या शेवटी घोडीवर जवारी काढायची. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा एक धागा सरकवत सरकवत तंबोरा बोलू लागतो. ते काम डोळ्यांनी होत नाही. खाँसाहेब स्वतः तंबोरे दुरुस्त करण्यात वाकबगार होते आणि या कारागिरांत त्यांची ऊठबस असे. या माणसांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या गाण्यासाठी कान तयार ठेवला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा या गल्लीचे नाव प्रथमच दिल्लीच्या कागदावर चढले.

मागच्या उरुसात अशाच एका वृद्ध कारागिराच्या दुकानात मी बसलो होतो. धारवाडकडचा एक विशीतला मुलगा सभेसाठी आला होता. मराठी कानडी हेलाची. त्याने मोबाईलवरचा तंबोरा लावून कारागिराच्या कानाशी नेला.

"चाचा, ह्याच्यात जवारी बरोबर आहे काय?"

म्हाताऱ्याने बराच वेळ ऐकले. "बरोबर हाय. कुणाच्या तरी चांगल्या तंबोऱ्याचा आवाज भरलाय." मग विचारले, "घरी तंबोरा हाय का?"

"आज्जीचा आहे. माळ्यावर."

"कुठला?"

"तुमच्याच गावचा, म्हणतात."

"मग तो खाली काढ की बाबा. तारा ढिल्या कर, घोडी काढून फडक्यात बांध, आणि घेऊन ये. एसटीत टपावर टाकू नको. मांडीवर धर, भोपळा पोटाकडं करून."

मुलाने ते सारे मोबाईलवर टिपून घेतले. तोवर अंगणात तंबोरे जुळू लागल्याचा आवाज आला, आणि म्हाताऱ्याने हातातली कानस खाली ठेवून दुकानाची फळी लावायला घेतली.